डोळ्यातली मोरी, फणीतले धागे

आमच्या दवाखान्यातल्या एका खोलीचा दिवा मी सकाळी घालवते, तो संध्याकाळीच लावते. तिथे फील्ड टेस्टचं, म्हणजे नजरेचा घेर तपासायचं मशीन आहे, आडव्या धरलेल्या मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारखं. पेशंटने त्यासमोर बसून हनुवटी टेकवायची. एक डोळा पट्टीने झाकायचा, दुसऱ्याने मधल्या पिवळ्या ठिपक्याकडेच बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठेही बारीकसा उजेड लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. एका डोळ्याला पाच-सात मिनिटं लागतात.

तीन वर्षांपूर्वी त्या स्टुलावर माझे मामा बसले होते. वय ५८. आले होते वाचायच्या चष्म्यासाठी, पण डॉक्टरांनी तपासताना डोळ्यामागच्या नसेकडे बघितलं आणि त्यांना माझ्या खोलीत पाठवलं. उजवा डोळा चालू होता. वरच्या बाजूला दिवा लागत होता, विझत होता. माझ्या स्क्रीनवर मला ते कळत होतं, आणि मामांचा अंगठा हलत नव्हता. मी विचारलं, "मामा, डुलकी लागली का?" ते म्हणाले, "जागाच आहे की. तू दिवा तर लाव."

त्या डोळ्याच्या वरच्या भागातली जवळजवळ सगळी नजर गेली होती आणि त्यांना पत्ता नव्हता. मामांनी ३० वर्षं यंत्रमागावर काढली. जेकार्डच्या चादरीत एक धागा तुटला तरी पलीकडच्या मागावरून त्यांच्या लक्षात यायचं. स्वतःच्या डोळ्यातले लाखो धागे तुटले, ते मात्र कळले नाहीत. मामांना काचबिंदू होता. असं कसं होतं, ते मला इथे नीट उलगडून सांगायचं आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. मोतीबिंदू आणि काचबिंदू ही दोन्ही नावं सारखी वाटतात, म्हणून लोकांना दोन्ही आजार सख्खे भाऊ वाटतात. तसं ते नाहीत. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून नवं बसवलं की माणूस दुसऱ्या दिवशी पेपर वाचायला लागतो. काचबिंदू हा नसेचा आजार आहे, डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा. त्यात गेलेली नजर कुठल्याही ऑपरेशनने परत येत नाही. "पिकू द्या बिंदू, मग बघू" असं म्हणत गावाकडून वर्षभराने येणारी माणसं मी बघते तेव्हा जीव तुटतो, कारण त्या वर्षात जे गेलं ते गेलं.

आता नस बिघडते कशाने? पुष्कळदा डोळ्यातल्या पाण्याने. त्यासाठी डोळ्याची रचना बघावी लागेल.

डोळ्याचा पुढचा भाग म्हणजे दोन खोल्यांचं अगदी छोटं घर समजा. पुढची भिंत काचेची, म्हणजे कॉर्निया. आपण ज्यातून बुबुळ बघतो ती पारदर्शक काच. दोन खोल्यांच्या मध्ये एक रंगीत पडदा आहे, तेच आपलं तपकिरी-काळं बुबुळ. त्या पडद्याच्या मधोमध गोल दार आहे, ती बाहुली. मागच्या खोलीची मागची भिंत म्हणजे भिंग.

मागच्या खोलीत, पडद्याच्या मुळापाशी, गोल कड्यासारखा एक भाग आहे. त्याला सिलिअरी बॉडी म्हणतात. हा घरातला नळ. रक्तातून गाळून तो नितळ पाणी तयार करतो. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. हा नळ चोवीस तास चालू असतो, रात्री झोपेत धार निम्म्यावर येते एवढंच. त्याचं कारणही आहे. भिंगाला आणि पुढच्या काचेला रक्तवाहिन्याच नाहीत. असत्या तर आरपार दिसलं नसतं. मग त्यांना खाऊपिऊ घालायचं कोणी? हे पाणी घालतं. शिवाय त्याच्याच दाबाने डोळा फुगलेल्या चेंडूसारखा गोल राहतो.

पाणी किती, तर दिवस-रात्र मिळून तीन मिलिलिटरच्या आसपास. चहाचा चमचाही भरत नाही. पुढच्या खोलीत एका वेळी मावतं पाव मिलिलिटर, औषधाच्या बाटलीतले पाच-सात थेंब. म्हणजे तिथलं सगळं पाणी दिवसा दीड-पावणेदोन तासांत बदललं जातं.

हे पाणी बाहुलीच्या दारातून पुढच्या खोलीत येतं आणि जिथे पडदा काचेला भेटतो त्या कोपऱ्याकडे जातं. डॉक्टर त्याला 'कोन' म्हणतात. मोरी तिथे आहे, कडेने गोल फिरलेली. मोरीवर स्पंजासारखी बारीक जाळी, तिच्यामागे गोल गटार. त्या गटाराला श्लेमची नळी म्हणतात. फ्रीडरिख श्लेम या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८३० मध्ये तिचं वर्णन केलं. तिथून पाणी डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या शिरांत जातं आणि रक्तात मिसळतं. थोडं पाणी मोरी सोडून आजूबाजूच्या स्नायूंतूनही झिरपत जातं. ही दुसरी वाट लक्षात ठेवा, पुढे औषधांत तिचा उपयोग आहे.

हे पाणी म्हणजे अश्रू नव्हेत. अश्रू डोळ्याच्या बाहेर तयार होतात आणि नाकात उतरतात. डोळ्यातून पाणी येतंय म्हणून दाब उतरत असेल, असं काही नसतं.

नळ चालू आणि मोरीतून पाणी उतरेना, की न्हाणीघरात काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. डोळा बंद गोळा असल्यामुळे पाणी उंबऱ्याबाहेर जाऊ शकत नाही. दाब वाढतो.

मोरी तुंबायचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात मोरीचं तोंड उघडं असतं, पण जाळी वयानुसार घट्ट होत जाते आणि पाणी हळूहळू उतरतं. दाब चढतो तोही हळूहळू, वर्षानुवर्षं. ना दुखणं, ना लाली, ना धूसरपणा. मामांचा हा प्रकार.

दुसऱ्या प्रकारात जाळी धड असते, पण पडदाच मोरीवर येऊन बसतो. ओलं फडकं मोरीच्या तोंडावर चिकटावं तसा. ज्यांचा डोळा मुळात लहान, चष्म्याचा नंबर प्लसचा, त्यांच्या पुढच्या खोलीत जागा कमी असते. वयाबरोबर भिंग जाड होतं आणि पडद्याला मागून टेकतं. बाहुलीच्या दारातून पाणी पुढे यायला अडतं, मागच्या खोलीत साचतं, पडद्याला पुढे ढकलतं आणि कोन मिटतो. आशियातल्या लोकांत हे प्रमाण जास्त आहे, त्यातही बायकांत.

हा कोन कधी कधी एकदम मिटतो. संध्याकाळी मंद उजेडात बाहुली मोठी होते, पडदा कोपऱ्यात गोळा होतो आणि मोरी बंद. मग डोळा लाल होतो, अर्धं डोकं फुटेल असं दुखतं, उलट्या होतात, बल्बभोवती रंगीत कडी दिसतात. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ अंशांवर जातो. त्या दिवसांत बाईला डोकेदुखी आणि उलटी झाली की घरातले म्हणतात ऊन लागलं, पित्त झालं, आणि कांद्याचा रस पायाला चोळत रात्र काढतात. डोकं दुखतंय आणि त्याच बाजूचा डोळा लाल होऊन अंधुक झालाय, तर ते पित्त नाही. त्याच रात्री डोळ्याच्या डॉक्टरकडे न्या. सकाळपर्यंत थांबू नका. दाब उतरवायला गोळ्या, इंजेक्शन असतात, आणि नंतर लेसरने बुबुळाच्या पडद्याला सुईच्या टोकाएवढं भोक पाडतात. पाण्याला पुढे यायला दुसरं दार मिळतं आणि पडदा मागे सरतो. दुसऱ्या डोळ्यालाही तसंच भोक पाडून ठेवतात, कारण त्याचीही घडण तशीच असते.

मोतीबिंदू 'पिकू देण्या'त धोका आहे तोही हाच. पिकलेलं भिंग कधी पाणी शोषून फुगतं आणि पडद्याला पुढे रेटून मोरी बंद करतं. मोतीबिंदूची वाट बघता बघता माणूस काचबिंदूत सापडतो. हल्लीच्या ऑपरेशनला बिंदू पिकावा लागत नाही, हे मी दिवसातून दहादा सांगते.

आता नसेकडे. डोळ्याच्या मागच्या आतल्या भिंतीवर दृष्टिपटल आहे, बोलताना आपण त्यालाही पडदा म्हणतो, पण बुबुळाचा पडदा वेगळा. त्यावर पडलेलं चित्र मेंदूकडे पोचवायला १० ते १२ लाख बारीक धागे आहेत. सगळ्या पटलावरून ते एका ठिकाणी गोळा होतात, जेमतेम दीड मिलिमीटर रुंदीच्या गोल जागेत. तिथे डोळ्याच्या भिंतीला चाळणीसारखी भोकं आहेत, त्यांतून धागे बाहेर पडतात आणि त्यांची नस होते.

मामांना हे समजावताना मला त्यांच्याच मागाची फणी आठवली. ताण्याचे उभे धागे फणीच्या दातांतून ओवलेले असतात. एखादा दात वाकला की त्यातून जाणारा धागा घासून घासून तुटतो. डोळ्यातला दाब चाळणीला मागे वाकवतो. तिची भोकं तिरकी होतात, त्यांतले धागे चिमटतात, धाग्यांना मिळणारं रक्त कमी होतं, आणि मेंदूकडून पटलातल्या पेशीकडे जे पोषण धाग्याच्या आतून येतं ते अडतं. धागा वाळतो. मामांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग सांधता येत नाही?" मागावर तुटलेला धागा बोटाने गाठ मारून सांधायला त्यांना दोन सेकंद लागायचे. डोळ्यातला धागा सांधता येत नाही, मामा.

धागे कमी होतात तशी नसेच्या तोंडाशी मधली खळगी मोठी होत जाते. डॉक्टर तिला 'कप' म्हणतात. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झने डोळ्याच्या आत बघायचं साधन शोधून काढलं, त्याआधी जिवंत माणसाची ही नस नीट कोणी बघितलेलीच नव्हती. आज तुमच्या डोळ्यात उजेड टाकून डॉक्टर बघतात ते मुख्यतः हेच: खळगी केवढी आहे, तिची कड कुठे पातळ झाली आहे का.

पण माणसाला स्वतःला का कळत नाही? एक छोटा प्रयोग करा. कोऱ्या कागदावर डावीकडे फुली काढा, तिच्या उजवीकडे चार बोटं अंतरावर ठळक ठिपका. डावा डोळा झाका. उजव्या डोळ्याने फुलीकडेच बघत कागद हात लांब करून धरा आणि हळूहळू जवळ आणा. साधारण फूटभर अंतरावर ठिपका नाहीसा होईल. नस जिथून बाहेर पडते तिथे पटलावर बघणाऱ्या पेशी नाहीत, आणि ठिपका नेमका तिथे पडलेला असतो. आता त्या जागी काय दिसतं ते बघा. काळं भोक दिसणार नाही, कोरा कागद दिसेल. मेंदूने आजूबाजूचं बघून ती जागा भरून काढली.

काचबिंदूत नेमकं हेच चालू असतं, फक्त भोक वाढत जातं आणि मेंदू भरत जातो. नजर आधी कडेची जाते, मधली शेवटपर्यंत टिकते. म्हणून वाचता येतं, नाणं ओळखता येतं, तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचता येते. त्यात एका डोळ्याचं गेलेलं दुसरा डोळा सांभाळून घेतो. फील्डच्या कागदावर पहिला डाग उमटतो तोवर धाग्यांचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा गेलेला असतो. भारतात गावोगाव लोकांचे डोळे तपासून ज्या पाहण्या झाल्या, त्यांत काचबिंदू सापडलेल्या दर १० पैकी सुमारे ९ जणांना आपल्याला तो आहे हे ठाऊकच नव्हतं.

डोळ्याचा दाब मोजणं सोपं आहे. कुठे हवेची फुंकर मारून मोजतात, कुठे डोळा बधिर करून पिवळं औषध घालतात आणि निळ्या उजेडात एक छोटी पारदर्शक दांडी बुबुळावरच्या काचेला टेकवतात. पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात, साधारण १० ते २१ हा आकडा ठीक समजतात. "माझं बीपी नॉर्मल आहे" असं पेशंट म्हणतात. हाताला पट्टा बांधून मोजतात ते वेगळं, हे वेगळं. आणि या आकड्यावरच निर्धास्त होऊ नये. काहींची नस १६ च्या दाबातही झिजते, काहींची २४ मध्ये वर्षानुवर्षं शाबूत राहते. ज्यांची बुबुळावरची काच जाड, त्यांचा आकडा मुळात चढा येतो. म्हणून शिबिरात नुसतं "प्रेशर चांगलं आहे" ऐकून घरी जाऊ नका. "नस बघितली का?" एवढं विचारा.

मामांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निघाली, आणि त्याबद्दल मला अजून राग येतो. मागावर सुताची धूळ उडते, डोळे खाजतात. एका औषधाच्या दुकानातून त्यांनी चिठ्ठीशिवाय एक थेंबांची बाटली घेतली, बरं वाटलं, मग सहा वर्षं तीच घेत राहिले. त्यात स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडचे थेंब खाज आणि लाली झटकन घालवतात, पण काही माणसांत मोरीची जाळी तुंबवतात. डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीपुरतं ते उत्तम औषध आहे, आपल्या मनाने वर्षानुवर्षं घालायचं ते औषध नव्हे. तुमच्या घरात अशी बाटली असेल तर लेबल वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन असं काही लिहिलेलं असेल तर ती घेऊन दवाखान्यात या. आणि मागावरचा धोटा (आडवा धागा नेणारी नळी) उडून डोळ्याला लागलेले कामगार असतील, त्यांनीही दरवर्षी दाब बघावा. त्या मारात मोरीचा कोपरा फाटलेला असू शकतो आणि त्याचा परिणाम कित्येक वर्षांनी दिसतो.

उपचार म्हणजे दाब उतरवणं, आज तरी तेवढंच हातात आहे. काही थेंब नळाची धार कमी करतात, टिमोलॉल त्यातलं. लॅटानोप्रोस्टसारखे थेंब ती दुसरी झिरपायची वाट मोकळी करतात. ते रात्री एकदाच घालायचे असतात. दमा असेल तर टिमोलॉलआधी डॉक्टरांना सांगाच. जाळी मोकळी करायला लेसर आहे. तेवढ्याने भागलं नाही तर ऑपरेशन करून पाण्याला डोळ्याच्या पांढऱ्या आवरणातून नवी वाट काढून देतात. ऑपरेशन नवी मोरी देतं, नवी नजर देत नाही. स्वीडनमध्ये अनेक वर्षं चाललेल्या एका अभ्यासात दिसलं की दाब एका मिलिमीटरने जरी उतरला, तरी आजार पुढे सरकण्याची शक्यता सुमारे १० टक्क्यांनी कमी होते. म्हणून प्रत्येक थेंबाला किंमत आहे.

थेंब घालायचीही रीत आहे. खालची पापणी ओढून एकच थेंब. डोळ्यात एकाहून जास्त मावतच नाही, बाकीचं गालावर. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध नाकावाटे अंगात जात नाही. दुसरं औषध असेल तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची. शीर्षासन करू नये, त्यात डोळ्याचा दाब जवळजवळ दुप्पट होतो. उन्हातून आल्यावर तांब्यावर तांब्या पाणी घटाघट पिऊ नये, एका दमात लिटरभर पाणी प्यालं तरी दाब काही वेळ चढतो. पाणी भरपूर प्या, थोडं थोडं प्या.

सगळ्यात अवघड भाग पुढेच आहे. थेंब घालून नजर सुधारल्याचं काही जाणवत नाही, उलट डोळे चुरचुरतात, लाल होतात. "फरक नाही" म्हणून लोक सोडून देतात. फरक न पडणं हेच औषधाचं यश आहे, हे पेशंटला पटवणं माझ्या कामातलं निम्मं काम आहे. मामांना मी दरवर्षीचे फील्डचे कागद एकमेकांशेजारी ठेवून दाखवते. काळा भाग तेवढाच आहे, तीन वर्षांत वाढलेला नाही. त्यांनी फोनवर रात्री नऊचा गजर लावलाय, मामी बाटली घेऊन उभी असते.

चाळिशीनंतर सगळ्यांनीच एकदा दाब आणि नस दाखवावी. मधुमेह असेल, मायनसचा मोठा नंबर असेल तर नक्कीच. आणि घरात कोणाला काचबिंदू असेल तर त्याच्या सख्ख्या भावंडांना आणि मुलांना धोका कित्येक पटींनी जास्त असतो. मामांचा कागद हातात आला त्याच आठवड्यात मी आईला घेऊन गेले. तिचं फील्ड मी घेतलं नाही, माझा हात थरथरला असता. सहकारी मुलीने घेतलं. आईचा दाब २६ निघाला, नसेची कड थोडी पातळ, फील्डच्या कागदावर मात्र डाग नाही. तिला थेंब सुरू झाले. माझं दरवर्षी बघतात.

धाकटे मामा मोहोळजवळ शेती करतात. तीन वर्षं बोलावतेय, "मला चांगलं दिसतंय की" म्हणतात. आता संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला येणार आहेत. नंदीध्वजांची मिरवणूक बघून झाली की त्यांना थेट स्टुलावर बसवायचं, असं मी आणि आईने ठरवून ठेवलंय. मशीन मोकळं राहावं म्हणून त्या दिवशीची शेवटची वेळ मी त्यांच्या नावाने लिहून टाकली आहे.